समुद्र मला दिसला

गेल्या महिन्यात रात्रशाळेच्या वर्गात मी ‘मुंबईत पहिल्यांदा पाहिलेली एखादी गोष्ट’ या विषयावर इंग्रजीत पाच वाक्ये लिहायला सांगितली होती. दिवसभर दादरच्या एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटून संध्याकाळी वर्गाला येणाऱ्या एका मुलीच्या वहीत तिसरे वाक्य असे होते: ‘द सी वॉज सीन टू मी.’ मी सवयीने त्याखाली लाल रेघ ओढली, वर ‘आय सॉ द सी’ असे लिहिले आणि पुढची वही घेतली. वर्ग सुटल्यावर ती टेबलापाशी येऊन उभी राहिली. “बाई, ‘आय सॉ’ म्हणजे ‘मी पाहिला’ ना? पण मी पाहिला नाही. तो दिसला.”

मग तिने सगळे सविस्तर सांगितले. ती जत तालुक्यातली. समुद्र तिने चित्रांतच पाहिलेला. मुंबईत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मावशीबरोबर दादरहून चर्चगेटला निघाली असताना धीम्या लोकलच्या महिलांच्या डब्यात तिला उजवीकडची खिडकी मिळाली होती. समुद्र बघायचा म्हणून ती बाहेर पाहत नव्हती. दाराशी झालेल्या गर्दीत ओढणीला पीळ पडला होता, तो ती सोडवत होती. चर्नी रोड सुटले, जिमखान्यांची मैदाने सुरू झाली आणि मान वर होते तोच मैदानाच्या पलीकडे, रस्त्याच्याही पलीकडे, एक राखाडी पट्टा लांबवर पसरलेला तिच्या डोळ्यांपुढे आला. मधोमध ऊन पडल्यामुळे तिथे तो पत्र्यासारखा चकाकत होता. मावशी “अगं, समुद्र!” म्हणेपर्यंत मध्ये इमारत आली आणि मरीन लाइन्सचा फलाट लागला. एवढाच तो समुद्र. “मी काहीच केलं नाही, बाई,” ती म्हणाली, “मी ओढणी नीट करत होते.”

इंग्रजीच्या दृष्टीने तिचे वाक्य चुकलेलेच होते आणि माझी दुरुस्ती व्याकरणाला धरून होती. तरीही त्या दुरुस्तीत तिच्या अनुभवातला नेमका गाभा नाहीसा झाला होता. हे मला घरी परतताना गाडीत जाणवले आणि तेव्हापासून इंग्रजीतल्या ‘क्षणभर दिसण्या’च्या वाक्प्रचारांकडे मी नव्याने पाहते आहे. इतकी वर्षे ते मी फळ्यावर अर्थासह लिहून देत आले, पण अशा वाक्यात काम कोण करते आहे, बघणारा की दिसणारी वस्तू, हा प्रश्न मी वर्गात कधी विचारलाच नव्हता.

पाठ्यपुस्तकात पहिल्यांदा भेटतो तो ‘कॅच साइट ऑफ’ आणि त्याच्या पाठोपाठ ‘कॅच अ ग्लिम्प्स ऑफ’. दोन्हींमध्ये क्रियापद ‘कॅच’ आहे, म्हणजे पकडणे. हा शब्द नॉर्मन काळातल्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि पाठलाग करणे या अर्थाचा ‘चेस’ हा त्याचाच सख्खा भाऊ आहे. दोघेही एकाच लॅटिन शब्दापासून निघालेले. शिकारीचा हा वास त्या वाक्प्रचाराला अजून आहे. दृश्य पळते आहे, ते निसटण्याच्या बेतात आहे आणि डोळा त्याच्यावर झेप घालून त्याला धरतो. इंग्रज माणूस सर्दीही ‘पकडतो’. आपल्याकडे मात्र मला सर्दी होते, मला राग येतो, मला घर आठवते, मला भूक लागते आणि मला समुद्र दिसतो. या सगळ्या वाक्यांत ‘मी’ कर्त्याच्या जागेवरून उठून ‘मला’ होतो आणि अनुभव आपल्या पायांनी चालत त्याच्याकडे येतो. माझ्या विद्यार्थिनीने ‘टू मी’ लिहिले ते या ‘मला’साठीच.

मुंबईकर गाडी मात्र पकडतो, हे इथे सांगितले पाहिजे. “आठ-वीसची पकडली” हे आपण दिवसभर बोलतो आणि ते अगदी योग्य आहे, कारण फलाटावरून धावत जाऊन दांडा धरणाऱ्याला गाडी आपोआप ‘मिळत’ नाही. पण त्याच गाडीच्या खिडकीतून जे काही समोर येते ते आपण पकडत नाही. ‘समुद्राची झलक पकडली’ असे मराठी वाक्य मी अलीकडे एका अनुवादात वाचले तेव्हा मला ते टोचले. वाक्यातला प्रत्येक शब्द मराठीच आहे, पण एखाद्या मराठी माणसाच्या तोंडून ते कधी बाहेर पडेल असे वाटत नाही. झलक दिसते किंवा मिळते, आणि एखादा मोठा माणूस ती दाखवतोही. तिला कोणी धरून ठेवत नाही.

‘ग्लान्स’ आणि ‘ग्लिम्प्स’ यांची गल्लत वर्गात दरवर्षी होते. दोन्हींचा अर्थ मुले ‘थोडेसे पाहणे’ असा लिहून घेतात आणि मग एकाच्या जागी दुसरा वापरतात. खरा फरक मराठीतून सांगितला तर लगेच कळतो: ‘ग्लान्स’ म्हणजे आपण टाकलेली नजर, आणि ‘ग्लिम्प्स’ म्हणजे आपल्याला झालेले ओझरते दर्शन. पहिल्यात पाहणारा मुद्दाम पाहतो, पण थोडक्यात आटोपतो. दुसऱ्यात त्याला पुरते पाहायचे असते किंवा कधी ध्यानीमनीही नसते, पण वाट्याला येते ते अर्धेमुर्धेच.

या दोन शब्दांच्या पोटात जे दडलेले आहे ते मला फार आवडते. ‘ग्लान्स’ हा शब्द आधी हत्यारासाठी वापरला जात असे. तलवारीचा वार चिलखतावर नीट न बसता तिरका घसरून गेला की तो ‘ग्लान्स’ झाला. पंधराव्या शतकातल्या इंग्रजीत तो या अर्थाने सापडतो आणि नजरेसाठी त्याचा वापर त्यानंतर रुळला. नजर वस्तूवर पडते, पण रुतत नाही, घसरून पुढे जाते. आपल्या ‘ओझरता’ या शब्दाची जात हीच आहे. ओझरता स्पर्श, ओझरता वार, ओझरता उल्लेख आणि ओझरती नजर या सगळ्यांत लागून न लागल्यासारखे करणे आहे. ‘ग्लिम्प्स’चे कूळ निराळे. तो ‘ग्लिमर’चा नातलग, म्हणजे मुळात मंद चमकणे. शेक्सपिअरच्या हॅम्लेटमध्ये, म्हणजे १६००च्या सुमारास, राजपुत्र आपल्या मृत बापाच्या भुताला विचारतो, की तू पोलादी चिलखत घालून पुन्हा ‘चंद्राच्या ग्लिम्प्सेस’मध्ये का आलास, तिथे ‘ग्लिम्प्स’चा अर्थ दर्शन असा नसून चांदण्याची तिरीप असा आहे. ढगांतून क्षणभर उजेड पडावा आणि तेवढ्यात जे दिसेल ते दिसावे, अशा प्रकारे उजेडाचा शब्द दिसण्याचा शब्द झाला असावा. मराठीत ‘झलक’चेही तसेच आहे: झलकणे म्हणजे चमकणे, आणि झलक म्हणजे आधी चमक, मग ओझरते दिसणे. दोन भाषा एकमेकींना ओळखतही नव्हत्या तेव्हा दोघींनी चमकण्यावरूनच हा शब्द घडवला.

चंद्राचा विषय निघालाच आहे, तर मला गिरगावातल्या आमच्या चाळीची गॅलरी आठवल्याशिवाय राहत नाही. भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या रात्री चंद्र पाहू नये, पाहिला तर चोरीचा खोटा आळ येतो, ही समजूत घराघरांत आहे. उंदरावरून पडलेल्या गणपतीला हसल्यामुळे चंद्राला मिळालेला शाप आणि त्या रात्री तो पाहिल्यामुळे खुद्द कृष्णावर आलेला स्यमंतक मण्याच्या चोरीचा आळ, या दोन्ही कथा आजी दरवर्षी आरतीनंतर सांगायची. मी आठ-नऊ वर्षांची असेन. शेजारच्या बिऱ्हाडातली आरती आटोपून, हातात खिरापतीचा द्रोण घेऊन, मी गॅलरीतून येत होते आणि समोरच्या दोन इमारतींच्या फटीत पश्चिमेला, मावळायच्या बेतात असलेली, नखाएवढी कोर मला दिसली. मी रडत घरात आले. आजीने पदराने माझे डोळे पुसले आणि एकच प्रश्न विचारला, “पाहिलास, की दिसला?”

मी म्हणाले, “दिसला.”

“मग काही नाही,” आजी म्हणाली आणि तिने माझ्याकडून श्लोक म्हणून घेतला तो केवळ खबरदारी म्हणून.

शास्त्रात असा भेद आहे की नाही, हा प्रश्न मी इथे आणत नाही. भाषेत तो आहे, आणि माझ्या अशिक्षित आजीने त्या भेदावर एका लहान मुलीचे भय दूर केले. पाहण्याची जबाबदारी पाहणाऱ्यावर आहे; दिसण्याची नाही. याच कारणाने संकष्टीच्या रात्री, पावसाळ्यात आभाळ गच्च भरलेले असताना, गच्चीवर जाऊन उभी राहिलेली शेजारीण “दिसला, दिसला!” असे ओरडते, “पाहिला, पाहिला!” असे कोणीच ओरडत नाही. पंचांगातली चंद्रोदयाची वेळ उलटून गेलेली असते, पोटात भूक असते, नजर ढगांवर खिळलेली असते, म्हणजे पाहण्याचे काम तासभर चाललेलेच असते, तरीही श्रेय चंद्राकडे जाते. व्याकरणात या ‘मला’च्या विभक्तीलाही चतुर्थीच म्हणतात, हा योगायोग मला वर्गात सांगायला नेहमी आवडेल.

पापणीच्या वाक्प्रचारांत मात्र दोन्ही भाषा एकत्र येतात. ‘इन द ट्विंकलिंग ऑफ अ‍ॅन आय’ हा प्रयोग १६११च्या किंग जेम्स बायबलमुळे इंग्रजीत घरोघर पोचला. त्यातले ‘ट्विंकल’ म्हणजे जुन्या इंग्रजीत डोळा मिचकावणे. आपण ‘डोळ्याचे पाते लवते न लवते तोच’ म्हणतो आणि ‘निमिष’ या शब्दाचा मूळ अर्थच पापणीची उघडझाप असा आहे. देवांच्या पापण्या लवत नाहीत, म्हणून ते अनिमिष. दमयंतीने स्वयंवरात सारख्याच दिसणाऱ्या पाच नलांतून खरा नल ज्या खुणांवरून ओळखला, त्यांतली एक हीच. माणसाची पापणी साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्शापासून तीन-चार दशांशांपर्यंत मिटलेली राहते. डोळ्याला चित्र कळायला याहून पुष्कळ कमी वेळ पुरतो: २०१४ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मेरी पॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत, केवळ १३ मिलिसेकंद दाखवलेल्या चित्रात काय होते हे लोक निव्वळ अंदाजापेक्षा अधिक अचूकपणे सांगू शकले. चर्नी रोडचा समुद्र त्या मानाने खूप वेळ दिसतो.

‘आउट ऑफ द कॉर्नर ऑफ द आय’ याचे भाषांतर ‘डोळ्याच्या कोपऱ्यातून’ असे सर्रास होते आणि आता ते रुळलेही आहे. मी ते चूक ठरवत नाही. तरी या जागी ‘कटाक्ष’ हा आपला जुना शब्द होता, हे लक्षात असावे. कटाक्ष म्हणजे तिरपी नजर. पुढे त्याने मराठीत विलक्षण वळण घेतले: वाकड्या नजरेवरून तो टोमण्याकडे गेला, आणि दुसऱ्या बाजूने ‘कटाक्षाने पाळणे’मध्ये काटेकोरपणाकडे. त्यामुळे आज ‘त्याने कटाक्ष टाकला’ म्हटले की वाचकाला त्यात प्रेम किंवा टीका दिसते, साधे कडेने दिसणे राहत नाही. आणि इंग्रजी वाक्प्रचारात तर नेमके तेच आहे. हात लांब करून अंगठा समोर धरला, तर त्याच्या नखाएवढ्या किंवा फार तर दुप्पट जागेतच आपल्याला अगदी स्पष्ट दिसते. बाकी सगळे धूसर असते. मात्र डोळ्याची कड हालचाल टिपण्यात तरबेज असते. माहीमच्या खाडीवरून गाडी जाताना पुस्तकात डोके असले तरी काहीतरी निळे लखकन गेल्याचे कळते, आणि मान वळवेपर्यंत खंड्या खांबाआड गेलेला असतो. अशा वेळी मी वर्गात ‘डोळ्याच्या कडेला जाणवले’ असे सांगते. ‘दिसले’सुद्धा तिथे जास्तच होते.

‘क्लॅप आइज ऑन’ फारसा अडवत नाही. तो बहुतेकदा नकारातच येतो, आणि ‘मी त्याचे तोंडही पाहिलेले नाही’ हे आपले वाक्य त्याच्या जागी चपखल बसते. ‘स्टील अ ग्लान्स’ तर हुबेहूब आपलाच वाटावा असा, कारण चोरटी नजर दोन्हीकडे आहे.

इंग्रजीत वस्तूला काम करू देणारे वाक्प्रचार नाहीतच, असा माझा समज झाला होता आणि तो मी इथे दुरुस्त करते. दर्यावर्दी लोकांच्या बोलीतून आलेला ‘होव्ह इनटू साइट’ घ्या. ‘हीव्ह’ म्हणजे उचलणे, वर उठणे; ‘होव्ह’ हे त्याचे भूतकाळी रूप. समुद्रावर दूरचे जहाज एकदम दिसत नाही. पृथ्वीच्या गोलाईमुळे आधी डोलकाठीचा शेंडा, मग शिडे, मग खालचे अंग, असे ते क्षितिजाखालून वर उचलले जाते, म्हणून ते ‘उठून’ नजरेत येते. बघणारा खलाशी डेकवर उभा असतो आणि काम सगळे जहाज करते. ‘केम इनटू व्ह्यू’ हा त्याचाच साधा, घरगुती भाऊ, आणि ‘कॉट माय आय’मध्ये तर शिकारच उलटते, तिथे दुकानातली साडी बघणाऱ्याच्या डोळ्याला पकडते. आपल्या ‘नजरेत भरली’ला हा फार जवळचा आहे. हे वाक्प्रचार पाठ्यपुस्तकात एका यादीत, ‘कॅच साइट ऑफ’च्या खाली, समान अर्थाचे म्हणून छापलेले असतात. ते समान अर्थाचे नाहीत.

आणि एक प्रकार असा, की त्याला इंग्रजीत जागाच सापडत नाही. गणेशोत्सवात लालबागला लोक तासन्‌तास रांगेत उभे राहतात, त्यातली एक रांग नुसत्या मुखदर्शनाची असते. पायापर्यंत जायचे नाही. लांबून मूर्तीचा चेहरा बघायचा, हात जोडायचे आणि मागच्यांसाठी पुढे सरकायचे. घड्याळ लावले तर ते काही सेकंदच भरतील. इंग्रजी बातमीत याला ‘ग्लिम्प्स’ म्हणतात, आणि तीच बातमी घाईने मराठीत आणली की ‘बाप्पाची एक झलक पाहण्यासाठी’ असे काहीतरी होते. नटाची झलक असावी, क्रिकेटपटूची असावी. देवाची झलक हा प्रयोग मला मान्य नाही. देव दर्शन देतो आणि आपण दर्शन घेतो. इथे कोणी काही पकडत नाही, आणि वस्तू केवळ डोळ्यापुढे येऊन जात नाही. देणारा आणि घेणारा दोघेही जागे असतात. म्हणून ते कितीही थोडा वेळ टिकले तरी त्याला अपुरे म्हणत नाहीत. पंढरपुरात गाभाऱ्यापर्यंत जाता आले नाही तर कळसाचे दर्शन घेऊन वारकरी परततो आणि त्याची वारी पुरी होते. प्रवासाची धूळ पायांवर असतानाच घेतलेल्या उभ्याउभ्या भेटीला आपल्याकडे ‘धूळभेट’ असा शब्द आहे. इतक्या थोडक्या भेटीला इतका मानाचा शब्द दुसऱ्या एखाद्या भाषेत असेल तर तो मला शिकायला आवडेल. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला रात्री कुंपणावरून बिबट्या जाताना दिसला, तर मराठी वृत्तपत्रे ‘बिबट्याचे दर्शन’ असेच छापतात. माझ्या मते ते योग्य आहे.

पुढच्या आठवड्यात मी त्या मुलीची वही मागून घेतली आणि माझ्याच लाल अक्षरांतले ‘आय सॉ द सी’ खोडले. फळ्यावर चार वाक्ये लिहिली. पहिल्यात मी समुद्र पाहिला, दुसऱ्यात मी त्याचे दृश्य पकडले, तिसऱ्यात मला त्याचे ओझरते दर्शन मिळाले, चौथ्यात समुद्र नजरेसमोर आला. प्रत्येक वाक्यात कोण काम करते आहे, ते शोधायला वर्गाला सांगितले. मागच्या बाकावरच्या, कुरिअरचे काम करणाऱ्या एका मुलाने विचारले, की दुसऱ्या वाक्यात समुद्र पळत होता का. मी सांगितले, की समुद्र जागच्या जागी होता, पळत गाडी होती. यावर वर्गात बराच वेळ बोलणे झाले आणि घंटा झाली तरी ते थांबले नाही.

तिने चौथे वाक्य निवडले. चर्नी रोड स्टेशनचे नाव सुरुवातीला घातले आणि पुढे लिहिले, ‘द सी केम इनटू व्ह्यू.’ मग पेन थांबवून तिने विचारले, “बाई, आणि नंतर बिल्डिंग आली, ते कसं लिहू? बिल्डिंग पण आपणहूनच आली.”

मी तिला ‘देन अ बिल्डिंग केम बिट्वीन अस’ हे वाक्य सांगितले. ‘अस’ म्हणजे कोण, हे तिने विचारून घेतले, आणि ‘मी आणि समुद्र’ असे समासात पेन्सिलीने लिहून ठेवले.